घरचे जुने पदार्थ: ज्यांनी ते खाल्ले त्यांनाच ते नको असतील तर?

माणदेशकर, कोपरखैरणे

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात गावाकडे काही उरले नाही, म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, मुंबईला आले. आधी मशीद बंदरच्या गोदामांत आणि पुढे बाजार वाशीला हलल्यावर तेथे, माथाडी म्हणून त्यांनी पाठीवर पोती वाहिली. आम्हा भावंडांचे शिक्षण इकडेच झाले आणि गाव आमच्या वाट्याला आले ते जत्रेपुरते व उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते.

गेल्या काही वर्षांत मला गावाकडच्या जेवणाची ओढ लागली आहे. आत्याकडून मी हुलग्याचे शेंगोळे शिकून घेतले. हुलग्याच्या पिठात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि मीठ घालून ते घट्ट मळायचे, तेलाच्या हाताने करंगळीएवढ्या वळ्या करून त्यांची टोके जुळवायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायची. सगळे शेंगोळे एकदम टाकले तर ते एकमेकांना चिकटतात आणि आत कच्चे राहतात. शेवटी थोडे पीठ पाण्यात कालवून लावले की रस्सा दाटसर होतो. पावसाळ्यात मी माडगे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेजही करतो. पत्नीला आणि मुलांना हे दोन्ही पदार्थ आवडतात.

आप्पांना मात्र यातले काही नको असते. शेंगोळ्यांचा वास आला की ते मुकाट्याने वरण-भात मागून घेतात आणि माडग्याचे पातेले समोर आले तर पानावरून उठतात. त्यांच्या लेखी हुलगा म्हणजे बैलाला भरडून घालायचे आणि साल वाईट निघाले तर माणसाने खायचे धान्य. दुष्काळी कामावर खडी फोडताना मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक आहार) आणि रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यांच्या आठवणी त्याला कायमच्या चिकटल्या आहेत. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झाले होते, तेव्हा आमच्या वसाहतीत नाचणी, वरई, बाजरी यांचे महत्त्व सांगणारे व्याख्यान ठेवले होते. हुलगा हे खरे तर कडधान्य. पण त्याचाही तेथे गौरव झाला आणि शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असल्याचे सांगण्यात आले. आप्पा घरी येऊन आईला एवढेच म्हणाले, "ज्याला भात मिळत नव्हता, त्याला कुणी विचारलं का?"

तेव्हापासून मला हा प्रश्न सोडत नाही. मी ज्याला पूर्वजांचा वारसा म्हणून जवळ घेतो आहे, ते प्रत्यक्ष खाऊन जगलेल्या माझ्या वडिलांनाच नको आहे. मी त्यांच्याशी नाते जोडतो आहे, की त्यांनी मोठ्या कष्टाने मागे टाकलेली गोष्ट पुन्हा त्यांच्या पानात वाढतो आहे? ठाणे आणि नवी मुंबईत निरनिराळ्या भागांतून आलेली आणि मुळचीच येथली अशी सर्व प्रकारची माणसे आहेत. आपापल्या घरच्या जुन्या अन्नाबद्दल तुम्हाला खरोखर काय वाटते, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

खाडीकाठची, घणसोली

तुमच्या आप्पांना जे अन्न नको आहे ते बाजारात पैसे टाकले की मिळते, आणि आम्हाला जे हवे आहे ते आता पैसे टाकूनही मिळत नाही, हा आपल्या दोघांच्या घरांतला फरक मला सर्वांत आधी जाणवला.

आम्ही आगरी. आम्ही कोठून आलो नाही. शहरच आमच्याकडे आले. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या जमिनीत खाडीच्या कडेची भातखाचरे होती. खारे पाणी आत येऊ नये म्हणून गावाने मिळून बांध घालायचे आणि आत खारे सोसणारा रत्ता भात लावायचा, अशी ती शेती. माझ्या आजीच्या हातची भाकरी त्या तांबूस तांदळाची असे. गरम पाण्यात पीठ मळून, पोळपाट न घेता, नुसत्या दोन तळव्यांमध्ये पाण्याच्या हाताने ती भाकरी एवढी मोठी आणि पातळ करायची की तव्याच्या कडेला टेकावी. मला हातावरची भाकरी येते, पण तांदूळ दुकानातला, पांढरा आणि चिकटपणा नसलेला असतो, त्यामुळे ती कडेला चिरते. ही चीर पाहिली की मला आमची खाचरे आठवतात, आणि हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

खाडीचेही तेच झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, त्यांचे पाणी वर्षानुवर्षे खाडीत गेले आणि चिखलातल्या निवट्या, खुबे, कालवे यांवर जगणाऱ्या घरांची चूल बदलली. निवटी हा मासा चिखलावर उड्या मारत फिरतो. ओहोटीला बाया-माणसे गुडघाभर चिखलात उतरून त्याच्या बिळात हात घालून तो काढत असत. ज्यांना हे काम येते अशी माणसे आमच्या गावात आता मोजकी उरली आहेत. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला. पक्षी जगावेत, असे आम्हालाही वाटते. त्याच चिखलावर पिढ्यान्‌पिढ्या जेवलेल्या माणसांची आठवण मात्र त्या वेळी फारशी कोणी काढली नाही.

आता भावनेविषयी लिहिते, कारण तुम्ही तेच विचारले आहे. आमच्या घरात या अन्नाबद्दल प्रेम आहे आणि त्याच्या शेजारी एक जुनी लाजही आहे. शाळेत माझ्या डब्यात अंबाड सुकटीची चटणी असली की मी डबा मांडीवर घेऊन, झाकण अर्धेच उघडून खात असे. आज माझी बहीण ज्या उंच इमारतीत राहते, तेथे बोंबील भाजले की खालच्या मजल्यावरून फोन येतो, म्हणून ती सुके मासे माहेरी येऊनच खाते. ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे, त्या जमिनीच्या अन्नाला तेथे जागा नसावी, हे मला मान्य नाही. गौराईला आमच्याकडे चिंबोरीचा नैवेद्य दाखवतात. जे देवाला चालते ते शेजाऱ्याला चालत नाही म्हणून सोडायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

तुमच्या आप्पांना मात्र आग्रह करू नका. आमचे अन्न आमच्याकडून काढून घेतले गेले, त्यांनी त्यांचे स्वतः सोडले. सोडण्याचा त्यांचा अधिकार तुमच्या ओढीपेक्षा मोठा आहे, असे मला वाटते.

ऐरोलीहून एक वाचक

वरील शेवटच्या वाक्यासाठी मी हा प्रतिसाद लिहीत आहे, कारण आमच्या समाजात अन्न सोडणे हाच वारसा आहे, आणि पूर्वजांच्या अन्नाविषयी बोलताना हे कोणी फारसे लिहीत नाही.

माझे पणजोबा महारकी करत. गावाची कामे करायची आणि संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागून आणायची, हा त्यांचा हक्क समजला जाई, आणि ज्वारी-बाजरीच्या, ताज्या-शिळ्या अशा सगळ्या घरांच्या भाकरी एकाच फडक्यात येत. गावात जनावर मेले तर ते ओढून न्यायचे आणि त्याचे मांस वाट्याने घ्यायचे. एकदम एवढे संपत नसे, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळवत. त्या चान्या पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत शिजवून खात. हे सारे मला आजीने सांगितले. सांगताना ती कधी लाजली नाही. पण तिने ते पुन्हा घरात शिजवलेही नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले. ज्यांच्या घरात दुसरे काही शिजण्याची शाश्वती नव्हती, त्यांना हे सांगणे किती कठीण होते आणि ते मानणे त्याहून किती कठीण होते, याचा विचार भरल्या पोटी करता येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने ते मानले. पुढे १९५८ च्या कायद्याने महारकीची वतनेही गेली. आज आमच्या घरात जे शिजते, साधा भात, वरण, कधी मटण, ते त्या निर्णयातून आलेले अन्न आहे आणि माझ्या लेखी तेच आमचे परंपरागत अन्न आहे.

माझी पुतणी महाविद्यालयात शिकते. तिला चान्यांची चव कशी असते हे जाणून घ्यायचे आहे, आणि या पाककृती कोणी लिहून ठेवल्या नाहीत तर त्या बायांनी काय काय करून घर जगवले हेच पुसले जाईल, असे ती म्हणते. तिचे म्हणणे मला पटते. काढलेल्या रक्तापासून आतड्यांपर्यंत काहीही वाया न घालवता, तेल नसताना चरबीवर आणि मसाला नसताना नुसत्या मीठ-मिरचीवर स्वयंपाक उभा करणे, हे कौशल्यच होते. ते नोंदले जावे. मात्र नोंद करणे वेगळे आणि त्याचे गोडवे गाणे वेगळे. ज्या अन्नामागे सक्ती होती, त्याच्या चवीचे कौतुक ती सक्ती न सांगता करू नये, एवढीच माझी अट आहे.

माणदेशकर, आप्पांच्या त्या एका वाक्यात व्याख्यानापेक्षा अधिक खरे आहे. त्यांना पाककृती विचारण्याऐवजी त्या वर्षी घरात काय घडले ते विचारा.

माणदेशकर, कोपरखैरणे

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. ऐरोलीकरांनी सुचवले तसे मी काल आप्पांना विचारले. ते बराच वेळ बोलले, आणि त्यात हुलग्याचा उल्लेख फार थोडा होता. खडी फोडायच्या कामावर माझी थोरली आत्या बरोबर असे, ती आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून धाकट्यांसाठी घरी आणत असे, हे मला आजवर ठाऊक नव्हते. मला शेंगोळे शिकवणारी आत्या ती हीच, आणि ती स्वतः ते आवडीने खाते. एकाच घरातल्या, एकाच दुष्काळातून गेलेल्या दोन माणसांना एकाच पदार्थाबद्दल इतके वेगळे वाटते, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

नौपाड्याची, ठाणे

तुमच्या आत्यांच्या बाबतीत एक शक्यता मांडते. कदाचित आप्पांच्या पानात हुलगा केवळ येऊन पडत असेल आणि आत्याच्या हातून तो घडत असेल. करणाऱ्याचे पदार्थाशी नाते खाणाऱ्याहून निराळे असते, आणि आमच्या घरात याचा मला रोज प्रत्यय येतो.

आम्ही चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. आमच्या जातीत खाण्याचा अभिमान पुष्कळ, आणि तो मलाही आहे: वालाचे बिरडे, सोड्यांची खिचडी, खाजाचे कानवले. कौतुक ऐकत आम्ही मोठे झालो, त्यामुळे वरच्या दोघांसारखी लाज आमच्या वाट्याला आली नाही, हे आमचे नशीब म्हणायचे आणि जातीने दिलेली सोयही. मात्र या कौतुकामागचे श्रम आमच्याकडेही सहसा सांगितले जात नाहीत. बिरड्याचे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक दाणा असा दाबायचा की साल हातात राहावी आणि मोडासह अख्खी डाळिंबी पलीकडे निसटावी. दाणा दुभंगला तर भाजीचा लगदा होतो. किलोभर वाल सोलून झाले की अंगठ्याच्या नखाखाली दुखू लागते. माझ्या सासूबाई श्रावणात हे दर सोमवारी करत आणि जेवायला सर्वांत शेवटी बसत. पंगतीत "बिरडं झकास झालंय" असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी वाल सोलायला हात लावल्याचे मी पाहिले नाही.

शेवळे या रानभाजीची गोष्ट तर याहून मोठी आहे. पहिल्या पावसाच्या सुमारास जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनच्या बाहेर आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या आणि सोबत काकडाची हिरवी फळे घेऊन बसतात. शेवळाचे वरचे आवरण सोलून आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकावा लागतो, आणि काकडाचा रस घातला नाही तर घसा खाजून हैराण होतो. आम्ही त्याची कणी करतो, कोळंबी किंवा खिमा घालून, आणि ती आमच्या जातीची खास गोष्ट म्हणून सांगतो. पण शेवळे जंगलात नेमकी कोठे उगवतात, कोणता कोंब घ्यायचा, किती मागे ठेवायचे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येतील, हे सारे ज्ञान त्या बायांचे आहे. येऊरच्या डोंगरापासून शहापूर, मुरबाडपर्यंतच्या रानात त्या अंधार असताना निघतात, तेव्हा कोठे आमच्या घरात परंपरा शिजते. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसे पाहिली की मला फार वाईट वाटते. मी त्यांच्याकडून टाकळा, भारंगी, कुर्डू या भाज्या कशा करायच्या ते विचारून घेते, आणि माझ्या मुलाला मुद्दाम बाजारात बरोबर नेते.

माझ्या मुलाला बिरडे आवडते, म्हणून मी त्याला वाल सोलायला बसवले. आता तो कामाचा आठवडा संपला की स्वतः वाल भिजवतो. ज्याला वारसा हवा, त्याने हातही लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माणदेशकर स्वतः शेंगोळे वळतात, हे वाचून म्हणूनच मला फार आनंद झाला.

टेंभी नाका

बिरड्याचा विषय निघाला म्हणून लिहायला बसलो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यातील परंपरेनुसार आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखले गेले. ठाण्यातील आमचे सिनेगॉग १८७९ मधले आहे. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकदिवशी आम्ही उपास करतो, आणि तो सोडताना आमच्या घरांत वालाचे बिरडे आणि भात करत. म्हणून जुनी मंडळी त्या दिवसाला बिरड्याचा सणच म्हणत असत. दूरदेशीच्या मंदिराचे दुःख आणि कोकणातले वाल एकाच पानात आले, याचे मला लहानपणापासून अप्रूप आहे.

मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून आमच्या कालवणात नारळाचे दूध येते. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो, त्यामुळे वर ज्या चिंबोरीचे आणि कोळंबीचे वर्णन झाले ती आम्हाला वर्ज्य. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, वर सुका मेवा, आणि भोवती फळे. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा असतो, त्यातही नारळाचेच दूध. तो तासन्‌तास ढवळावा लागतो, आणि आमच्या घरात हे काम पुरुषांकडे असते.

१९४८ नंतर आमची बहुतेक माणसे इस्राएलला गेली. माझे मामा डिमोनाला आणि मावशीची मुले अश्दोदला आहेत. ठाण्यात असताना चिकाचा हलवा पानात टाकणारी मामेबहीण तेथून फोन करून गहू किती दिवस भिजवायचा ते विचारते. तिची मुले हिब्रू बोलतात, मराठी त्यांना थोडीच कळते, पण मलिद्याचे ताट पुढे आले की ती सगळी हात धुऊन येतात. येथे तो पदार्थ आमच्यासाठी नेहमीचा होता. तेथे तोच आम्ही भारतातून आलो हे सांगणारा झाला. तो आवडतो की नाही, हा प्रश्नच त्यांच्यापुढे उरला नाही.

माणदेशकर, या सगळ्या चर्चेत मला एक गोष्ट सुटल्यासारखी वाटते. आपण रोजच्या आणि अडचणीच्या अन्नाबद्दल बोललो, पण पूर्वजांचे सणाचे अन्नही होते. ज्या मुलाला वर्षभर हुलगा आणि बाजरी मिळाली, तो ज्या एका दिवसाची वाट पाहत असेल, त्या दिवशी घरात काय शिजत होते? आमच्याकडे मलिदा आणि हलवा टिकले, कारण त्यांना दिवस ठरलेला आहे आणि त्या दिवसाची आठवण आनंदाची आहे. आप्पांना त्यांच्या गावच्या जत्रेत काय मिळायचे ते विचारा, आणि ते त्यांच्यासाठी करा. तुमची माडग्याची आवड तुम्ही आणि आत्याने मिळून जपावी; त्यासाठी आप्पांची संमती लागत नाही, फक्त ते पातेले त्यांच्या पानासमोर ठेवू नये. माणदेशात जत्रेला नेमके काय करत असत, ते कळल्यावर येथे अवश्य लिहा.